घरचा फेरा

औंदा साजगावच्या जत्रेत पाळण्यापाशी उभं राहून हसत होतात ना तुमी? बघितलं मी वरून. म्हातारा कोंडाजी एका पाळण्यात बसलाय आन् त्याच्या समोरच्यात मी, पन्नाशीची बाई, डोळे वटारून दांडी गच्च धरलेली. बाकी सगळा पाळणा रिकामा. "दोघांनाबी म्हातारचळ लागलाय," असं कोणतरी म्हणालंसुद्धा. कान शाबूत हायत माझे. हसा बापडे. पण आधी ऐकून घ्या, मंग काय हसायचं ते हसा.

मी इंदूबाई. राहते शिळफाट्याला, जत्रेत भजी तळते. नवरा गेला तेव्हा एक कढई आन् एक झारा, एवढाच संसार हातात उरला होता. जत्रेत चुलीपुरती जागा मागायला गेले तर जो तो हाकलून द्यायचा. एकट्या बाईनं दुकान मांडायचं म्हणजे काय, अशी तोंडं करायचे मेले. कोंडाजीनं काय विकतेस म्हणून विचारलंसुद्धा नाय. त्याच्या पाळण्याच्या डाव्या अंगाला चार हात जागा त्यानं पायानं आखून दिली आन् म्हणाला, "हितं मांड चूल. पाळण्यातनं उतरलेल्या माणसाला भूक लागतीच." त्या दिवसापासून मी त्याला भाऊ मानला. हे ध्यानात ठेवा, कारण पुढं जे झालं त्यात हे भाऊपण माझ्या जिभेवर बसून राहिलं.

कोंडाजी पोशीरचा सुतार. गाडी, नांगर, दाराची चौकट, काय म्हणाल ते करायचा, पण जीव सगळा पाळण्यात. बापाच्या वेळचा चार पाळण्यांचा रहाट होता त्याचा. दोन बाजूंना खांब, मधे आडवा जाड कणा, कण्यात बसवलेले दांडे आन् दांड्यांच्या टोकांना पाळणे. चार गडी हातानं ढकलायचे, दांड्याला लोंबकळायचे, की रहाट फिरायचा. कार्तिकात भात कापून झालं की दोन गाड्यांवर ते धूड लादायचं, कर्जतला नदीकाठी एक मुक्काम करायचा आन् मंग साजगाव. बायको त्याची लवकर गेली. मागं एकच लेक, मंगळी. ती लहानपणापासून गाडीत त्या कण्यावर बसूनच जत्रेला यायची. उतरल्या उतरल्या माझ्याकडं पळत यायची आन् पहिला घाणा निघायच्या आत भजी मागायची.

त्या घराण्याचा एक रिवाज होता. जत्रेतला पहिला फेरा घरचा. पैसे देणारं माणूस बसायच्या आधी पाळणेवाल्यानं आपल्या पोटचं पोर बसवायचं, बाकीचे पाळणे रिकामे ठेवायचे आन् सगळ्या जत्रेच्या देखत तीन फेरे पुरे फिरवायचे. मंग त्या पोरानं उतरून खांबावर नारळ फोडायचा. ज्यानं स्वतःचं पोर बसवलं नाय त्याच्या पाळण्यात आपलं पोर का म्हणून बसवायचं, असा सरळ हिशेब होता लोकांचा. कोंडाजी लहानपणी असाच बसला होता. मंगळी चार वर्षांची असल्यापासून बसायची, नवा परकर नेसून, मांडीवर नारळ घेऊन.

लढाई चालू होती ते दिवस. बेचाळीस साली घाटावरचा कोणी एक पाळणेवाला सहा पाळण्यांचा रहाट घेऊन आला. कोंडाजीच्या पाळण्यापेक्षा दीडपट उंच. झालं, माणसं सगळी तिकडं. त्यात पोशीरचीसुद्धा होती. गावी परतल्यावर पारावर कोणीतरी बोललं, "आपल्या कोंडाजीचा पाळणा म्हंजे परसातला झोपाळा हाय." बोलणारा बोलून गेला. कोंडाजीनं तेव्हाच ठरवलं, पुढल्या साली आठ पाळण्यांचा रहाट आणायचा, सहा पुरुष उंच. वर गेलेल्या माणसाला देवळाचा कळस खाली दिसला पायजे आन् खोपोलीकडं डोंगरावरनं उतरणारे बिजलीघराच्या पाण्याचे मोठे नळ समोर दिसले पायजेत.

मंग काय विचारता! पोशीरला दसऱ्यापासून दुसरा विषय नाय. आपल्या गावचा पाळणा जत्रेत सगळ्यात उंच असणार. कोणाची गाडी, कोणाचे बैल, कोणी किती पीठ घ्यायचं, वाटेत भाकऱ्या कुठं भाजायच्या. ज्या म्हाताऱ्या कधी नेरळच्या पुढं गेल्या नव्हत्या त्या आधी कोण बसणार म्हणून भांडायला लागल्या. मंगळी सोळा वर्षांची, तिनं तर सगळी जत्रा बोटांवर पाठ केली होती. पहिल्यांदा पाळणा. मंग देवाचं दर्शन. मंग खालापूरच्या अबूबकरकडं बांगड्या. मंग इंदूमावशीची भजी. वर्षाचे सुके बोंबील शेवटच्या दिवशी, नायतर गाडीभर वास. कोणी मधे काय घुसवलं की ती पहिल्या बोटापासून परत मोजायची. वैशाखात तिचं लगीन ठरलं होतं, कडावला. लगीन झालेली लेक परक्या घरची, ती घरच्या फेऱ्याला चालत नाय. म्हणून हा तिचा शेवटचा.

सगळं जमलं, कणा तेवढा जमला नाय. एवढा मोठा रहाट पेलायचा तर सागाचा कणा पायजे. आन् सागाचं एक धड लाकूड त्या वर्षी मिळत नव्हतं, सगळं लढाईच्या कामाला जात होतं. कोंडाजीनं ऐनाचं लाकूड घेतलं. ऐन मजबूत, पण ते कापल्यावर दोन पावसाळे मुरायला लागतं, नायतर ऊन लागलं की तडकतं. हे मला ठाव नव्हतं, पण सुताराच्या पोटी जन्मलेल्याला ठाव नसेल? त्याचं लाकूड एकच पावसाळा मुरलं होतं.

जत्रेच्या आदल्या दिवशी दुपारी रहाट उभा राहिला. बाई गं, मान मोडायची वर बघताना. गडी पाताळगंगेवर आंघोळीला गेले. मंगळी माझ्या चुलीवर एका वाडग्यात राळ वितळवत बसली होती. "बा म्हणतोय पाळण्याच्या सांध्यांना लागतीय," म्हणाली. वाडगं बापाला देऊन ती दुकानं बघायला पळाली. मला वाटलं जरा राळ उरली तर माझ्या घागरीचं भोक बुजवून घ्यावं, म्हणून मी मागनं गेले.

कोंडाजी फळीवर उभा राहून कण्यात राळ भरत होता. तडा हातभर लांब होता. राळेत भुसा कालवून तो अंगठ्यानं दाबत होता आन् वरनं गेरू फासत होता.

"कोंडाजी, हे काय रं?"

दचकला. "काय नाय. ऊन लागलं. वरवरचं हाय."

"वरवरचं हाय तर गेरू कशाला फासतोस?"

तेव्हा तो खाली उतरला. "ओलं लाकूड हाय, इंदू. मुरलं नाय. एक लोखंडी पट्टा मिळाला मोडक्या गाडीचा, तो ठोकलाय. दुसरा मिळंना."

"मंग औंदा नको फिरवू. सांग लोकांना."

"काय सांगू? उद्या समदं पोशीर येतंय. दीड महिना झाला तयारी करतायत. कोंडाजीला कणा ओळखता आला नाय, असं सांगू?" मंग त्यानं माझा हात धरला. "घरचा फेरा निघू दे फकस्त. मंग मी चारच पाळण्यांत माणसं बसवीन, हळू फिरवीन. कोणाकडं बोलू नको. माझ्या गळ्याची शपथ हाय तुला."

"आन् घरच्या फेऱ्याला कोण बसणार हाय, कोंडाजी?"

तो परत फळीवर चढला आन् गेरू फासायला लागला. मी माघारी येऊन कांदे चिरत बसले. डोळ्यांतनं पाणी येत होतं ते कांद्याचं, असं मला वाटत राहिलं. त्याच दुपारी मंगळीला हाक मारून सांगितलं असतं तर? एवढंच करायचं होतं. नाय केलं. हा माणूस माझा भाऊ, त्यानं मला जागा दिली, त्याच्या लाकडातलं मला काय कळतंय, अशा चार गोष्टी मनाला सांगितल्या आन् गप्प बसले. थू माझ्या जिभेला, एरवी कशी तुरुतुरु चालते!

दुसऱ्या दिवशी सकाळी माणूस मावत नव्हता. पोशीरच्या गाड्यांची रांगच्या रांग आली. सगळे वर बघून बोटं दाखवत होते. अबूबकर आपलं बांगड्यांचं दुकान सोडून पुढं आला आन् मोठ्यानं म्हणाला, "चला कोंडाजीभाऊ, घरचा फेरा होऊ द्या, माझंबी गिऱ्हाईक खोळंबलंय."

कोंडाजी म्हणाला, "औंदा मंगळीला बरं नाय. मी बसतो."

"मला काय धाड भरलीय?" मंगळी खळखळून हसली. नवं लुगडं नेसली होती, हिरवं. "तू बसलास तर पाळणा हाकणार कोण? आन् बा, हा माझा शेवटचा घरचा फेरा. तोबी खातोस काय माझा?" माणसं हसली. ती टुणकन पाळण्यात चढली आन् नारळ मांडीवर घेतला.

कोंडाजीनं माझ्याकडं बघितलं. एकदाच. मी कढईतल्या तेलाकडं बघितलं.

मंग त्यानं गड्यांना खूण केली.

पहिला फेरा नीट गेला. मंगळी वर गेली तेव्हा पोशीरच्या बायांनी एकच कालवा केला. ती वरनं ओरडून सांगत होती काय काय दिसतंय ते. नळ दिसले, कळस दिसला. दुसऱ्या फेऱ्यात ती वर असताना आवाज आला. सुकी फांदी मोडावी तसा. खाली गोंगाटात कोणाला कळला नाय. मला कळला, कारण मी दुसरं काय ऐकतच नव्हते. आन् मंगळीला कळला.

"बा! आवाज आला!"

"कसला आवाज? वारा हाय!" कोंडाजीनं वर बघून ओरडून सांगितलं. पाळणा खाली आला. तिथं थांबवता आला असता. ती उतरायला अर्धी उठलीसुद्धा. पाच-सहाशे माणसं बघत होती आन् रिवाज तीन फेऱ्यांचा. कोंडाजी म्हणाला, "बस खाली. एक ऱ्हायलाय."

तिसऱ्या फेऱ्यात कणा फुटला.

सगळा रहाट एका बाजूला कलला आन् खांबाला टेकून अडकला. मंगळीचा पाळणा वरच तिरका लोंबत राहिला. नारळ खाली पडून फुटला. त्या किंकाळ्या मला अजून ऐकायला येतात, तेल तापलं की येतात. अबूबकर आन् दहा-बारा माणसं खालच्या दांड्यांना लोंबकळली, रहाट फिरू नये म्हणून. पाळण्याचा गडी हिरामण बैलाचा दोर खांद्यावर टाकून खांबावर चढला, तो दोर त्यानं पोरीच्या कमरेला बांधला आन् तिला हळूहळू खाली सोडलं. कोंडाजी तेवढा वेळ कण्याच्या फुटक्या टोकाला दोन्ही हातांनी मिठी मारून उभा होता. त्याच्या मिठीनं काय होणार होतं? पण सोडवून घ्यायला तिघे लागले. कणा सबंध निखळला नाय तो त्या एका पट्ट्यामुळं.

मंगळीला खरचटलं, बाकी काय झालं नाय. उतरल्यावर ती रडलीसुद्धा नाय. सरळ कण्यापाशी गेली. फुटलेल्या लाकडात काळी राळ दिसत होती, भुसा दिसत होता. तिनंच वितळवलेली राळ. तिनं त्यावर बोट फिरवलं. बापाच्या अंगठ्याचे ठसे होते त्यात.

"तुला ठाव होतं," ती म्हणाली.

कोंडाजी म्हणाला, "व्हय."

खोटं बोलला नाय, तेवढंच. त्यानंतर मंगळी त्याच्याशी बोलली नाय. सांजच्याला ती माझ्या चुलीपाशी येऊन बसली. मी तिला घोंगडी दिली. मंग म्हणाली, "मावशे, तुला तरी ठाव होतं का गं?"

"नाय गं बाय," मी म्हणाले. "विठोबाची आण. नाय."

ती माझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपली.

वैशाखात लगीन झालं. लेक निघताना बापाच्या गळ्यात पडून रडते. मंगळी वाकून पाया पडली आन् गाडीत बसली. गळ्यात पडली ती माझ्या. कोंडाजी बाजूला उभा होता, हातात तिचा पाट घेऊन, जो त्यानं स्वतः केला होता. तो पाट न्यायला ती विसरली की मुद्दाम ठेवून गेली, देव जाणे. माहेरपणाला ती पोशीरला कधी गेली नाय. माझ्याकडं शिळफाट्याला यायची. पहिली लेक झाली तेव्हा दीड महिन्याची घेऊन आली आन् म्हणाली, "मावशे, माझं माहेर म्हंजे तू." सांगा, मी काय करायला पायजे होतं? पोरीला न्हाऊ घातलं, काजळ लावलं, आन् परत गप्प बसले.

कोंडाजीनं रहाट मोडला. पुन्हा केला नाय. लढाई संपल्यावर कल्याणकडचा एक माणूस जत्रेत लोखंडी पाळणा आणायला लागला. पहिल्याच वर्षी कोंडाजी त्याच्यापुढं जाऊन उभा राहिला, म्हणाला, "घरचा फेरा कोण बसणार?" त्या माणसाला काय कळेना. त्याची बायकापोरं कल्याणला. तेव्हा कोंडाजी म्हणाला, "मी बसतो." आन् बसला. एका पाळण्यात नाय, बाराच्या बारा पाळण्यांत, एकेका पाळण्यात एकेक फेरा. फिरताना मान वाकडी करून कान कण्याकडं. दर वर्षी तेच. मालक आधी वैतागला, मंग त्याच्या ध्यानात आलं की म्हातारा उतरल्यावर माणसं बिनधास्त चढतात. तेव्हापासून तोच बोलवायला लागला.

गेल्या वर्षी, अठ्ठेचाळीसला, मंगळी लेकीला घेऊन जत्रेला आली. पोर तीन वर्षांची. पाळण्यात बसायचं म्हणून भोकाड पसरलं तिनं. मंगळी तिचा हात धरून पाळण्यापासून लांब उभी होती. कोंडाजी तेव्हा शेवटच्या पाळण्यातनं उतरत होता. त्यानं दोघींना बघितलं. जवळ आला, पण चार हातांवर थांबला. नातीकडं बघत म्हणाला, "बसव तिला. कणा लोखंडी हाय. मी बारा फेरे बसलोय."

पाच वर्षांनी मंगळी त्याच्याशी बोलली. "आवाज आला?"

"नाय आला."

ती त्याच्या तोंडाकडं बघत राहिली. विश्वास ठेवायचं तिच्या मनात होतं, मला दिसत होतं. पण जमेना तिला. मंग ती माझ्याकडं वळली. "मावशे, तू सांग. तू हितंच हायेस सकाळपासून. आवाज आला का? तू माझ्याशी कधी खोटं बोलली नायस."

माझ्या हातात झारा होता. तो मी खाली ठेवला. आवाज खरंच आला नव्हता. "नाय आला" एवढं म्हणाले असते तर पोर पाळण्यात बसली असती, कदाचित आजाच्या मांडीवर बसली असती, आन् सगळं मिटलं असतं. पण मी कधी खोटं बोलले नाय हे तिच्या तोंडून ऐकलं आन् त्या दुपारपासून जे अडकून बसलं होतं ते भडाभडा बाहेर आलं.

"आज नाय आला," मी म्हणाले. "पण त्या साली तडा मी आदल्या दिवशी बघितला होता, मंगळे. राळ भरताना बघितला होता. मला ठाव होतं."

मला वाटलं शिव्या देईल. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तिनं पोरीला कडेवर घेतलं, पोर हातपाय झाडत होती, आन् गर्दीतनं गाडीतळाकडं गेली. एकदासुद्धा वळून बघितलं नाय.

कोंडाजी माझ्या चुलीपाशी येऊन बसला. म्हणाला, "कशाला सांगितलंस, इंदू?"

"खरं होतं ते."

"व्हय. पण तिला एक तरी माणूस ऱ्हायलं होतं गं."

वर्षभर शिळफाट्याला गाडी थांबली की मी दारात जायची. मंगळी आली नाय. निरोप धाडला, कडावच्या माणसाबरोबर खाऊ धाडला. खाऊ तिनं ठेवून घेतला म्हणे. निरोपाला उत्तर नाय.

औंदा जत्रेच्या पहिल्या सकाळी कोंडाजी पाळण्याकडं निघाला तेव्हा मी चूल पेटवलीच नाय. पदर खोचला आन् त्याच्या मागनं गेले. उभ्या जन्मात मी पाळण्यात बसले नव्हते, मला उंचीवर चक्कर येते. मालक म्हणाला, "तुमी कशाला, आजी?" कोंडाजीनं मात्र काय विचारलं नाय. समोरच्या पाळण्याची दांडी काढून दिली, मी बसल्यावर परत लावली, दोनदा ओढून बघितली.

तुमी हसत होतात ते तेव्हा. वर गेल्यावर मी नळ बघितले नायत का कळस बघितला नाय. खाली कडावच्या गाड्या लागल्या होत्या, त्यात मंगळी कुठं दिसतीय का ते बघायचा धीर झाला नाय. समोर कोंडाजी मान वाकडी करून बसला होता. मंग मीबी तशीच मान वाकडी केली आन् कण्याचा आवाज ऐकत बसले.